सासूचं येणं, सुनेचं देणं

सासू-सुनेच्या भांडणात न्याय कोणाच्या बाजूला असतो, या प्रश्नाचं उत्तर जगातल्या एकाही थोर तत्त्वज्ञाने दिलेलं नाही. याचं कारण उघड आहे. स्पिनोझा अविवाहित, कान्ट अविवाहित, शोपेनहाअर अविवाहित. घरात सून आलीच नाही तर प्रश्न पडणार कुठून? सॉक्रेटिसचं लग्न झालं होतं. पण तो न्याय म्हणजे काय हे विचारायला घराबाहेर पडायचा, घरात विचारल्याची नोंद नाही.

लांब अथेन्सला कशाला जायचं? आमच्या जालना जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, गाव जांब. लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटल्याबरोबर नवरदेव खरोखरच सावध झाले आणि मांडवातून पळाले, अशी कथा आहे. त्यानंतर लाखो मराठी माणसांनी तो शब्द ऐकला. पण तो सूचना म्हणून ऐकणारा एकच निघाला. बाकीचे सगळे अक्षता झेलत उभे राहिले. मीही राहिलो.

तेव्हा हा प्रश्न तत्त्वज्ञांवर आणि संतांवर सोडून चालणार नाही. तो आपणच सोडवायला हवा. माझी पात्रता विचाराल तर मी बी. कॉम. आहे, बँकेत क्लार्क आहे, वय चाळिशीच्या पलीकडे आहे आणि मला आई व बायको दोन्ही आहेत. शेवटची पात्रता सर्वांत महत्त्वाची.

मी राहतो वडीगोद्रीला. सोलापूर-धुळे हमरस्त्याला जालना-अंबडकडून येणारा रस्ता जिथे मिळतो तिथलं हे गाव. पूर्वी 'वडीगोद्री' म्हटलं की लोक "तिथं बस बदलावी लागते ना?" एवढंच विचारायचे. जून २०२४ मधल्या उपोषणामुळे गावाचं नाव टीव्हीवर आलं आणि बाहेरगावचे नातेवाईक "तुम्ही दिसला नाहीत" म्हणून फोन करू लागले. पण गाव टीव्हीवर येण्याच्या कितीतरी आधी टीव्ही गावात आलेला होता. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी तालुक्यात आलं, ऊस आला, उसामागून पैसा आला आणि पैशामागून घरोघर सासू-सुनांच्या मालिका आल्या. घरच्या सासू-सुना आधीपासून होत्याच. पण त्या फुकट असल्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

या मालिकांना लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही. माझ्या मते मराठी मध्यमवर्गात नीतिशास्त्राची रोजची तासिका भरते ती एवढीच. संध्याकाळी सात ते दहा, अधूनमधून साबणाच्या जाहिराती. "तिनं असं करायला नको होतं" हे वाक्य आमच्या घरात जेवताना जितक्या वेळा उच्चारलं जातं तितकं एखाद्या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातसुद्धा उच्चारलं जात नसेल.

आता 'चार दिवस सासूचे' घ्या. २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३ साली संपली. भाग तीन हजारांच्या वर. 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यात सासू होत्या, कविता लाड सून. म्हण आपली साधी आहे : चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. हिशेबाने आठ दिवसांत प्रकरण मिटायला हवं. ते अकरा वर्षं चाललं. यावरून सासूचा एक दिवस म्हणजे साधारण किती, याचा अंदाज बांधता येतो.

पण विनोद बाजूला ठेवून त्या म्हणीकडे पाहा. वरवर ती किती समजूतदार वाटते! आज हिचं, उद्या तिचं. ग्रामपंचायतीतल्या सरपंचपदाच्या पाळीसारखं. पण पाळी कशाची? सुखाची नव्हे, छळण्याची! आज तू मला बोल, उद्या मी बोलीन. मात्र तुला नाही, माझ्या सुनेला. अन्यायाची पाळीपाळीने वाटणी केली की त्याचा न्याय होतो का? मी तुमच्या खिशातून शंभर रुपये काढले आणि म्हटलं, "रागावू नका, तुम्हीही पुढे कोणाच्या तरी खिशातून काढा," तर तुम्ही ते समाधान मानून घ्याल का? या म्हणीने मात्र पिढ्यान् पिढ्या तेच समाधान पुरवलं.

हिंदीत २००० साली एक मालिका आली, 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. आठ वर्षं चालली आणि २०२५ मध्ये परत आली; चांगली सासू कधी कायमची जात नाही. त्या नावातला मला भुरळ घालणारा शब्द म्हणजे 'क्योंकि'. कारण सासूही कधीकाळी सून होती. ठीक. पण कारण कशाचं? पुढचं वाक्य कुठे आहे? तर्कशास्त्राने दोन वाक्यं संभवतात. पहिलं : सासूही कधी सून होती, म्हणून तिला सुनेचं दुःख कळतं. दुसरं : सासूही कधी सून होती, म्हणून ती आता वसूल करते. कारण तेच, निष्कर्ष दोन, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध. माणसाचा सगळा नैतिक प्रश्न या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत बसलेला आहे असं मला वाटतं. सोसलेलं दुःख माणसाला मऊ करतं की त्याच्या हातात पावतीपुस्तक देतं?

इथे माझं बी. कॉम. कामाला येतं.

सासूचं येणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. वीस वर्षं ती पहाटे उठली, शेवटी जेवली, माहेराचं नाव काढलं की बोलणी खाल्ली. हे सगळं तिने जगाला दिलेलं कर्ज आहे, आणि ते परत मागण्याचा तिला अधिकार आहे. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या खात्यावर नावे टाकायचं? कर्ज घेतलं तिच्या सासूने. त्या आता भिंतीवर, चंदनाच्या हारात. त्यांच्याकडून काय वसूल करणार? काही कर्ज घेतलं नवऱ्याने, ज्याने तीस वर्षांत "तू जेवलीस का?" एवढंही विचारलं नाही. पण त्याच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. मग वसुली होते ती नुकत्याच दारात आलेल्या, माप ओलांडलेल्या, अजून हातावरची मेंदीही न उतरलेल्या मुलीकडून, जिने या शाखेत खातंच उघडलेलं नव्हतं! आमच्या बँकेत एका खातेदाराचं कर्ज कोणी दुसऱ्याच्या खात्यावर टाकलं तर त्याला निलंबित करतात. घरात त्याला रीत म्हणतात. मराठीत यासाठी 'वड्याचं तेल वांग्यावर' हा सुटसुटीत वाक्प्रचार आहे आणि 'लेकी बोले सुने लागे' हा दुसरा. चुकीच्या खात्यावर नोंद टाकण्यासाठी दोन-दोन वाक्प्रचार तयार ठेवणारी भाषा किती अनुभवी असली पाहिजे!

हे फक्त आपल्याकडेच असेल असं समजून मी काही वर्षं खिन्न होतो. तो गैरसमज २०१४ साली दूर झाला. त्या वर्षी 'जिंदगी' नावाची वाहिनी सुरू झाली आणि पाकिस्तानी मालिका आमच्या दिवाणखान्यात येऊ लागल्या. पुढे २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर त्या बंद झाल्या, तो भाग वेगळा. पण तोवर 'हमसफर' होऊन गेली होती. २०११ साली तिकडे सुरू झालेली, फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवरची. आमच्या घरात उर्दू कोणालाच येत नाही. पण सासू ही भाषा सर्वांना येते. आई आणि सौ. एका सोफ्यावर, एकाच पंख्याखाली, एकही शब्द न बोलता ती पाहायच्या. दोन देशांचे राजदूत एका टेबलाशी बसवण्यापेक्षा हे अवघड काम होतं. ते फवाद खान यांनी एकट्याने केलं.

त्यात अशर हा श्रीमंत घरचा मुलगा. त्याच्या वडिलांनी आपल्या मरणासन्न बहिणीला शब्द दिला आणि तिच्या मुलीशी, खिरदशी, अशरचं लग्न लावून दिलं. अशरच्या आईला, फरीदाला, हे मान्य नव्हतं. तिच्या मनात सून म्हणून तिची स्वतःची भाची होती. आता हिशेब पाहा. फरीदाचं येणं कोणाकडे? नवऱ्याकडे. घरातला एवढा मोठा निर्णय तिच्या मनाविरुद्ध झाला. तक्रार रास्त आहे. पण वसुली? ती खिरदकडून! कारस्थान रचून तिच्या चारित्र्यावर डाग लावला आणि रात्री घराबाहेर काढलं. आमची आई म्हणाली, "ही बया आपल्यासारखीच दिसते, नुसतं कुंकू नाही." नियंत्रणरेषेच्या अलीकडे आणि पलीकडे हिशेबाची पद्धत एकच आहे, याची यापेक्षा चांगली ग्वाही मिळणार नाही. फरक असला तर एवढाच की तिकडच्या मालिका पंचवीसएक भागांत आटपतात. आपल्याकडे तेवढ्यात फक्त साखरपुडा होतो.

पण त्या मालिकेत मला खरा चटका लावला तो अशरने. आई बोलली ते त्याने ऐकलं, बायको काय म्हणते ते ऐकलंच नाही. एक प्रश्न विचारला असता तर सगळी मालिका वाचली असती. याला आमच्या भाषेत जामीनदार म्हणतात. कर्ज सोडवून घेताना सही करतो आणि हप्ते थकले की "माझा काय संबंध?" म्हणतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं ठरलं नसेल तर एक पैसाही कमी नाही. दोन बायकांच्या भांडणात वर्तमानपत्राआड लपलेला मराठी नवरा स्वतःला तटस्थ समजतो. तो तटस्थ नसतो. अग्नीभोवती फिरताना त्याने सही केलेली असते. सासू आणि सून दोघीही एकमेकींना ज्यामुळे ओळखतात ते कारण तोच आहे, आणि भांडण चाललं की "तुमचं तुम्ही बघा" म्हणणाराही तोच. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेत तर जान्हवीला सहा सासवा होत्या. एक कर्जदार आणि सहा बँकांचा संघ! तिथेही जामीनदार एकच होता.

आमच्या इथून गोदावरीने वर गेलं की पैठण. तिथल्या एकनाथांनी सोळाव्या शतकात एक भारूड लिहिलं. त्यातली सून भवानीआईला नवस बोलते तो सासरच्या एकेकाला वाटेतून दूर करण्यासाठी. सासरा, सासू, जाऊ, नणंद, करत करत यादी नवऱ्यापर्यंत येते, आणि शेवटी तिला एकटीला राहायचं असतं. कीर्तनकार सांगतात की त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे. ही सासरची माणसं म्हणजे मनातले विकार. असेलही. पण भारूड ऐकायला बसलेल्या बायका साडेचारशे वर्षं ज्या मनापासून हसत आल्या, त्या विकारांना हसत होत्या असं मला वाटत नाही. नाथांना आपल्या श्रोत्यांची खाती नीट माहीत होती.

इथवर हसून झालं. पण याच चुकीच्या नोंदीने जीव गेले आहेत, हे विसरून चालणार नाही. आम्ही लहान होतो तेव्हा वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही बातमी इतकी नेहमीची होती की मोठी माणसं ती वाचून पान उलटायची. स्टोव्ह घरातल्या सगळ्यांसाठी पेटायचा, भडका मात्र सुनेसाठीच का उडायचा, हे विचारायला देशाला बरीच वर्षं लागली. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत त्या ४९८-अ ची जागा ८५ व्या कलमाने घेतली. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला 'सज्ञान पुरुष' हा शब्दप्रयोग काढून टाकला. म्हणजे तक्रार आता घरातल्या स्त्रीविरुद्धही करता येते. छळ होत असेल तर सहन करू नये, तक्रार करावी. कायद्याचं मोठेपण हेच की तो ज्याचं देणं त्याच्याच खात्यावर टाकतो. मी जे म्हणतो आहे ते कायद्याच्या दारापर्यंत न गेलेल्या, पण रोज कुढणाऱ्या घरांबद्दल. टोमणे, भाजीतलं मीठ, माहेरच्या फोनची मिनिटं. त्यासाठी कलम नाही. तिथे माणसालाच न्यायाधीश व्हावं लागतं.

मग सासूने काय करावं? "सोडून द्यावं," असं सगळे म्हणतात. बँकेत याला दोन वेगळे शब्द आहेत. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक होतं. पुढे काहीच जमेना की ते निर्लेखित करतात, म्हणजे राइट ऑफ. लोकांना वाटतं, माफ झालं. मुळीच नाही! फक्त ताळेबंदातून काढलं. वसुली चालूच असते. माफी ही निराळी गोष्ट, त्यात येणंच संपतं. आमच्याकडच्या बहुतेक सासवा राइट ऑफ करतात. "मी तर केव्हाच सोडून दिलं बाई," म्हणतात आणि दिवाळीला पहिल्या दिवसापासूनचा उतारा तोंडपाठ म्हणून दाखवतात. मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधं कर्ज तीन वर्षांत कालबाह्य होतं. सासूचं येणं कालबाह्य होत नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला त्याचं नूतनीकरण होतं.

माफी करणारी सासू मी टीव्हीवर एक पाहिली. 'अग्गंबाई सासूबाई' या २०१९ च्या मालिकेतली आसावरी, म्हणजे निवेदिता सराफ. जन्मभर सासऱ्यांचा धाक आणि मुलाचे लाड सांभाळत राहिली, येणं डोंगराएवढं. पण सुनेकडून तिने एक पैसा वसूल केला नाही. उलट सुनेनेच पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावून दिलं. आमच्या शाखेतले कॅशियर म्हणाले, "ही गोष्ट काल्पनिक आहे." मी म्हटलं, "साहेब, मालिकाच आहे ती."

पण कॅशियर साहेबांच्या बोलण्यात एक खरा आक्षेप दडला होता, आणि तो मी टाळणार नाही. माफ करायला सांगणं सोपं. पण म्हणजे जिने आधीच सोसलं तिलाच पुन्हा तोटा सोसायला लावायचा? हा कुठला न्याय? मी यावर पुष्कळ विचार केला. जेवणाच्या सुट्टीत, आणि एकदा सर्व्हर बंद होता तेव्हा. माझं उत्तर असं : हा न्याय नाहीच. ते बुडीत कर्ज आहे आणि बुडीत कर्जाचा तोटा कोणाला तरी खावा लागतो. जी बाई म्हणते, "माझ्यापर्यंत आलं, माझ्यापुढे जाणार नाही," ती न्याय मिळवत नाही; ती न्यायापेक्षा मोठं काहीतरी करते. पण म्हणूनच तो उपदेश आपण तिला करू नये. तोटा खाणाऱ्याचा मोठेपणा तोटा न खाणाऱ्याने शिकवणं हे सर्वांत वाईट व्याज.

मग आपण काय करू शकतो? बँकेत कर्जदाराकडून येणेबाकीच्या पत्रावर सही घेतात : 'होय, एवढी रक्कम बाकी आहे हे मला मान्य आहे.' पैसे लगेच मिळत नाहीत; पण देणं होतं, हे कोणीतरी लिहून दिलेलं असतं. मला शंका आहे की पुष्कळशा सासवांना वसुली नकोच असते. त्यांना ही सही हवी असते.

परवा खिडकीवर एक म्हातारी आणि तिची सून आल्या. म्हातारीच्या अनुदानाचे पैसे काढायचे होते आणि तिचा अंगठा लागत नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा. मशीन ओळख द्यायला तयार नाही.

"अंगठा झिजला वो साहेब," म्हातारी म्हणाली. "जात्यावर गेला, खुरप्यावर गेला. हिचा बघा, मोबाईलवर झिजणार हाय."

सून हसली. तिने म्हातारीचा अंगठा आपल्या पदराने पुसला, तळहातात धरून थोडा चोळला, पुन्हा मशीनवर टेकवला आणि मला म्हणाली, "लई केलंय आत्यानं. ह्यांच्या सासूनं ह्यांना एक दिस सुखानं बसू दिलं नाही."

"कशाला काढती आता ते," म्हातारी म्हणाली. पण पदर सावरून अशी उभी राहिली, जणू तिचं नाव कोणी मोठ्याने वाचलं आहे. चौथ्या वेळी मशीन वाजलं. पैसे तिने मोजले आणि त्यातली एक नोट न बोलता सुनेच्या हातात कोंबली.

ही सही वर्तमानपत्राआडच्या जामीनदारालाही देता येते. त्याला काही खर्च नाही. आईजवळ बसून "तुला फार त्रास झाला, आणि त्यात हिचा काही दोष नव्हता," एवढी दोन वाक्यं म्हणायची. पहिलं वाक्य एकटं म्हटलं तर बायको रागावते, दुसरं एकटं म्हटलं तर आई रागावते. दोन्ही एका दमात म्हणावी लागतात. अवघड आहे, मान्य. पण मांडवात 'सावधान' ऐकूनही जे जागेवर उभे राहिले, त्यांना आता कुठे पळताही येत नाही.